हयातीतली पावती

माणूस हयात असताना त्याच्या उपकारांची पावती द्यायच्या हरवलेल्या रीतींची ही यादी.

सुईणीचं लुगडं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मूल घरातच जन्मायचं, तेव्हा पाचवीला सुईणीला लुगडं, खण, नारळ आणि सूपभर तांदूळ मिळायचे. देणारा तोंडाने फारसं बोलत नसे. लुगडं अख्ख्या पाड्याला दिसायचं, तेवढं पुरे. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि ते चांगलंच झालं, बाया-पोरं वाचतात. पण अपरात्री जीप मिळवून बाईला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेणाऱ्या, उजाडेपर्यंत बाकड्यावर बसून राहणाऱ्या आशाताईला पाचवीचं बोलावणं जातंच असं नाही.

मनीऑर्डरच्या फॉर्मवरची निरोपाची जागा. फार तर चार बोटं. मुंबईत कामाला गेलेला मुलगा तिच्यात मावेल तेवढं लिही: आईला चोळी घे, भाऊने नांगरट करून दिली, त्याला विसरू नको. ज्या घरात कुणाला वाचता येत नसे तिथे पोस्टमनच ते वाचून दाखवी. शेजारी ऐकत, आणि भाऊचं कौतुक संध्याकाळपर्यंत गावभर होई. २०१५ साली जुनी मनीऑर्डर बंद झाली. फोनवर पैसे क्षणात पोचतात, नुसतेच.

भाताच्या आवणीतली अदलाबदल. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी रोख झाली, हिशेब त्याच दिवशी मिटू लागला. देणं शिल्लक राहिना, तसं जाणं-येणंही.

सिद्धगडची भाकर. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळ्यांनी सिद्धगडच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. दरवर्षी त्या तारखेला तिथे माणसं जमतात, जमायलाच हवीत. पण विजेचे मनोरे पाडून रानात लपलेल्या त्यांच्या आझाद दस्त्याला कुणीतरी आपल्या चुलीवरची भाकर पोचवलीच असणार. त्या हातांचे आभार मानायचे तर चाळीस वर्षांपूर्वी निघायला हवं होतं.

तानसाचं पाणी. ही पावती हरवलेली नाही, ती कधी फाडलीच नाही. तानसा धरण १८९२ चं, भातसा बरंच नंतरचं. दोन्ही शहापूर तालुक्यात, दोन्हींचं पाणी मुंबईला. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. वैतरणेवरच्या मोडक सागराला अभियंत्याचं नाव तरी लागलं. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्यातलं एक नाव दादरच्या माणसाला विचारून पाहा.

वाढती वस्तू या यादीत एकच: ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स. आणि त्याच्या मागोमाग दहावा. काळू नदीच्या काठी पिंड मांडला जातो, कावळा काही शिवत नाही. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो. नातीचं लग्न मी लावून देतो. धाकट्याशी भांडणार नाही. बांधावरचा आंबा तोडणार नाही. थोरली सून म्हणते, मामा, तुम्ही होतात म्हणून मी या घरात टिकले. हेच वाक्य ऐकायला म्हातारा वीस वर्षं ओटीवर बसून होता. त्याला चहा देताना ती एकदाही बोलली नाही. पुढे प्रवचन, मग पुढाऱ्यांची भाषणं. त्यातलं निम्मं खरं असतं, म्हणून तर जास्त राग येतो.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात उलटं घडलं. तिथल्या म्हाताऱ्या बायांनी बोलून दाखवलं, आम्हालाही वाचता यायला हवं होतं. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वयाच्या. गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. डोळ्यांना नीट दिसत नाही, कानांना कमी ऐकू येतं, तरी मुळाक्षरं गिरवली. अंगठ्याच्या जागी सही आली. जन्मभर दुसऱ्यांची पोरं आणि शेतं सांभाळलेल्या बायांचे उपकार फेडण्याची याहून नीट रीत मला तरी माहीत नाही. उशीर झालाच होता, पण फार नाही.

शेवळाची जुडी. पहिल्या पावसानंतर ठाकर-कातकरी बाया शेवळं आणि काकडं घेऊन मुरबाडच्या बाजारात, कल्याणच्या स्टेशनाबाहेर बसतात. पूर्वी त्यांची घरं ठरलेली असत. जुडीमागे तांदूळ, कपभर चहा, सणाला जुनं लुगडं. (जुनंच, देणाऱ्यांचं फार कौतुक नको.) आता गिऱ्हाईक रोज नवं, आणि लोकल पकडायच्या घाईत. यंदा जूनमध्ये शेवळं घ्याल तेव्हा पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. कुठल्या डोंगरावरून आणलीत ते विचारा, आणि ‘मावशी, छान निवडलीत’ एवढं तिथेच, तिच्यासमोर म्हणा.