भाईजानचा उजवा हात

वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्यालगत एक पत्र्याचे शेड होते. पुढे पंक्चरचे दुकान आणि मागे, गोणपाटाचा पडदा सारून आत गेले की, व्हिडिओ गेमच्या तीन पेट्या. ही १९९७-९८ ची गोष्ट. एका रुपयाला एक डाव. शेठ स्टुलावर बसून रुपया घ्यायचा आणि वीज गेली तर परत द्यायचा नाही.

आम्ही तिघे भाऊ आणि चौथे भाईजान. भाईजान म्हणजे आमचे चुलतभाऊ. चाचांचा इंतकाल झाला तेव्हापासून ते आमच्याच घरी होते. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. अब्बा त्यांना आमच्यापेक्षा वेगळे मानत नसत, असे आम्ही लहानपणी समजत होतो.

तीन पेट्यांपैकी एकीत ‘मुस्तफा’ होता. त्या खेळाचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. त्यातल्या चार नायकांपैकी पिवळ्या टोपीवाल्याचे नाव मुस्तफा कैरो, आणि त्याची धावत येऊन मारलेली लाथ सगळ्यांत जबर. खेळाचे इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसले नाही. सगळे गाव ‘मुस्तफा’च म्हणायचे. बाबरीनंतरची ती वर्षे. शाळेत हजेरीच्या वेळी आमची नावे आली की मागच्या बाकावरून एखादी कुजबुज यायचीच. पण त्या पडद्याआड माळ्याची, धनगराची, मराठ्याची पोरे ‘मुस्तफा माझा, मुस्तफा माझा’ म्हणून एकमेकांची कॉलर धरत. आम्हांला त्याचा किती अभिमान वाटायचा, हे आज सांगताना हसू येते.

दुसऱ्या पेटीत स्ट्रीट फायटर, आणि तिथे भाईजानचे राज्य. खाली, खाली-तिरपे, पुढे, की लगेच बुक्की. एवढे झाले की पडद्यावरच्या पहिलवानाच्या तळहातातून निळा गोळा सुटायचा. खेळात तो ‘हादोकेन’ म्हणून ओरडायचा, आम्ही ‘आडूगेन’ म्हणायचो. हे डाव कुणी शिकवत नसे. दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून चोरायचे आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाण काढून ठेवायचे. आमच्या पेटीत तर पहिलवान हवेत उडी मारूनही गोळे सोडायचा. तो मूळ खेळ नव्हताच, कुणीतरी फेरफार केलेली नक्कल होती, हे पुष्कळ वर्षांनी कळले. भाईजानचा डावा हात दांड्यावर लोण्यासारखा फिरायचा आणि उजव्याची बोटे सहा बटणांवर पेटीवाल्याच्या बोटांसारखी पळायची. यवत, पाटसची पोरे सायकली मारत त्यांच्याशी खेळायला यायची.

अब्बा याला जुवा म्हणत. पैसे टाकायचे आणि हरायचे, मग जुवा नाही तर काय? एकदा मगरीबनंतर चप्पल हातात घेऊन ते थेट पडद्याआड आले होते.

आता जे लिहितो आहोत ते आजवर आम्ही घरात कुणाला सांगितलेले नाही. अम्मी शिलाईचे पैसे बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. त्यातले अठ्ठावीस रुपये आम्ही तिघांनी उचलले. भाईजानला ठाऊकही नव्हते. पैसे संपेपर्यंत खेळलो. दुसऱ्या दिवशी अब्बांनी चौघांना ओळीत उभे केले. ‘‘किसने लिया?’’ आम्ही मातीकडे बघत राहिलो. भाईजाननी आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, ‘‘मैं लिया, बडेअब्बा.’’

अब्बांनी हात उगारला नाही. एवढेच म्हणाले की, पोराला रिकामेपणाची सवय लागली आहे. दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला तेव्हा भाईजानची नववी सुटली आणि ते एका गुऱ्हाळावर जाऊ लागले. आम्ही शाळेत जात राहिलो. दुसऱ्या हंगामात, पहाटे चरकात ऊस घालताना डोळा लागला आणि उजवा हात आत ओढला गेला. करंगळीपासून तीन बोटे गेली. अंगठा आणि तर्जनी तेवढी राहिली.

त्यानंतर ते पडद्याआड कधी आले नाहीत. पुढे शेडही गेले, रस्ता रुंद झाला. मोबाइल आले.

गंमत अशी की, तिकडे जपानातही हे खेळ त्याच सुमारास ओस पडत चालले होते. स्ट्रीट फायटरचा तिसरा अवतार १९९७ चा. त्याची शेवटची सुधारित आवृत्ती १९९९ ची. मग चौथ्यासाठी २००८ उजाडावे लागले. किंग ऑफ फायटर्सवाली एसएनके तर २००१ साली दिवाळखोरीत निघाली. आज तिचे जवळजवळ सगळे समभाग सौदी युवराजांच्या मिस्क फाउंडेशनच्या कंपनीकडे आहेत. अब्बांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ तसबी फिरवत गप्प बसले. त्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये फेटल फ्युरी नावाची आपली मालिका २६ वर्षांनी पुन्हा उभी केली आणि त्यात फुटबॉलपटू रोनाल्डोला लढवय्या म्हणून उतरवले. आमच्या मते ही थट्टाच झाली, पण पोरांना आवडते.

बिचाऱ्या मुस्तफाला मात्र कुणी उठवले नाही. तो खेळ एका अमेरिकी चित्रकथेवर बेतलेला, त्यामुळे हक्क एकट्या कॅपकॉमचे नाहीत. पेटीबाहेर तो अधिकृतपणे कधी आलाच नाही.

जुने खेळ पुन्हा उभे करणाऱ्यांपुढे दोन अडचणी होत्या. पहिली अंतराची. आम्ही खांद्याला खांदा लावून खेळायचो, आजची पोरे एक वरवंडात तर दुसरे वाशीत. सेकंदाला साठ चित्रे सरकणाऱ्या खेळात दुसऱ्याची बुक्की तारेवरून येईपर्यंत थांबले तर सगळी मजा जाते. म्हणून आता यंत्र थांबतच नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते, आणि अंदाज चुकला तर दोन-चार चित्रे मागे येऊन गुपचूप दुरुस्ती करते.

दुसरी अडचण बोटांची. नव्या पोराला तो दांडा फिरवण्याचा रियाज करायला वेळ नाही. जून २०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये त्यासाठी ‘मॉडर्न’ नावाची पद्धत ठेवली आहे. एक बटण दाबले की गोळा सुटतो. आम्हांला हे कळले तेव्हा आमचा जीव जळाला. वहीत बाण काढून, मार खाऊन मिळवलेली विद्या आता एका बटणात? हा तर कुस्तीत कुणीतरी डाव मारून द्यावा असा प्रकार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्ट्रीट फायटर ५ चे सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतले. वय ४४. आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वासही तिथे उतरले होते, पदक मिळाले नाही. आम्ही घरात सगळ्यांना ऐकवले, बघा, जुन्या हातांनीच सोने आणले.

जुने हात म्हणताना एक हात आम्ही विसरलो होतो.

२०२४ ची रमजान ईद. भाईजानचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने कुणाकडून तरी जुना प्लेस्टेशन घेतला आणि सुटीत घरी आणला. शीरखुर्मा झाल्यावर पोरे, आम्ही, सगळे टीव्हीपुढे. भाईजान उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून, उजवा हात सवयीने सदऱ्याच्या खिशात. मुलाने रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. ‘‘अब्बू, मॉडर्न लगाया हूँ. अंगठे से होता.’’

आम्ही तोंड उघडणार होतो. सुदैवाने उघडले नाही.

गोळा, उसळून ठोसा, गोळा. अंगठा चार बटणांवर, तर्जनी वरच्या बाजूला. पहिला डाव ते हरले. तिसऱ्यापासून त्यांनी आम्हांला ओळीने लोळवायला सुरुवात केली. बटणाने काय ते डाव सुटत होते, पण कधी सोडायचा, किती अंतरावर थांबायचे, समोरचा उडी कधी मारणार, हे पंचवीस वर्षे कुठल्या खिशात ठेवले होते त्यांनी? सोप्या पद्धतीने मारलेल्या खास डावाचा मार वीस टक्क्यांनी कमी बसतो, हे मुलाने सांगितले. भाईजान नुसते हसले. ‘‘कम बैठने दे.’’

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. बाजेवर अब्बा होते, पंचाऐंशीच्या घरातले, कान गेलेले. त्यांच्याकडे तर मुळीच पाहिले नाही.

थोड्या वेळाने भाईजान मुलाला म्हणाले, ‘‘पुराना लगा.’’ त्याने लावले. त्यांनी रिमोट जमिनीवर आडवा ठेवला. डाव्या अंगठ्याने खाली, तिरपे, पुढे. मग उजव्या हाताची राहिलेली बोटे बटणांपर्यंत नेईतो वेळ निघून जायची. एकदा. दोनदा. सातव्यांदाही नाही. मुलगा हलकेच म्हणाला, ‘‘बदलूँ क्या फिर से?’’

‘‘ठहर,’’ भाईजान म्हणाले, ‘‘और एक.’’