माथ्यावरची स्वाती

शून्य सावलीच्या दिवशी भर दुपारी आपण उन्हात डबा उभा करतो आणि त्याची सावली बुडाशी नाहीशी होताना पाहतो. सूर्य असा बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो. स्वाती ही तारका मात्र रोज येते. मुंबई, अहिल्यानगर, परभणी, नांदेड ही सगळी 19 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासची, आणि आकाशात स्वातीची वाटही तीच. एरवी ती माथ्यावर यायची वेळ कधी दिवसाउजेडी, कधी पहाटे असते. मेअखेर मात्र रात्री दहा-सव्वादहाला. गच्चीवर सतरंजी टाकून उताणं पडावं, मान वाकडी करायची गरजच नाही.

ओळखायलाही सोपी. सप्तर्षींची शेपटी अंगिरस, वसिष्ठ, मरीची अशी वळत येते. त्याच वळणाने नजर पुढे न्यायची. पहिला ठळक तारा स्वाती, आणखी पुढे गेलं की निळसर पांढरी चित्रा. दोघींकडे आळीपाळीने पाहिलं की स्वातीचा नारिंगी रंग डोळ्यांत भरतो. बायनॉक्युलर असेल तर फोकस किंचित बिघडवा. बिंदूची छोटी चकती होते आणि पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा रंग तिच्यात पसरतो.

हा रंग उतारवयाचा आहे. वस्तुमान जवळजवळ सूर्याइतकंच, पण गाभ्यातला हायड्रोजन संपल्यामुळे स्वाती फुगून सूर्याच्या पंचवीसपट रुंद झाली. पृष्ठभाग निवून साधारण 4,300 केल्विनवर आला. 37 प्रकाशवर्षांवरून आपण सूर्याचंच पुढचं वय पाहत असतो. मला तर तिच्याकडे पाहताना दरवेळी सूर्याची काळजी वाटते.

हवाई बेटंही आपल्याच अक्षांशांतली. तिथे तिला होकुलेआ म्हणतात, आणि 1976 मध्ये आधुनिक उपकरणांविना ताहितीला पोचलेल्या शिडाच्या नावेचं नावही तेच. उत्तरेला परतताना हा तारा माथ्यावर आला, की घराचा अक्षांश गाठला असं समजायचं.

हा योग मात्र आपल्या काळापुरता. पृथ्वीचा आस डोलतो, त्यामुळे माथ्यावरचे तारे शतकांगणिक बदलतात. शिवाय स्वाती स्वतःही पळते आहे. 1718 मध्ये एडमंड हॅलीने जुन्या ग्रीक नोंदींशी ताडून तिची जागा बदलल्याचं दाखवलं. ज्ञानेश्वरी लिहिली गेली तेव्हापासून आजवर, मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत, ती जवळजवळ एका चंद्रबिंबाएवढी सरकली आहे, बहुतांशी दक्षिणेकडे, चित्रेच्या बाजूला.