वह्या कोण वाचतं?

“समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते?” बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या घरातून माझ्यापर्यंत येतोच. विचारणारा बहुधा बाप असतो. लेकीने बीएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचं, नाव काढलेलं असतं आणि त्याच्या डोळ्यांपुढे झोळी आणि तुटपुंजा पगार उभा राहिलेला असतो. पगाराचं म्हणाल तर त्याची धास्ती अगदीच खोटी नाही. सरकारी एचआयव्ही समुपदेशन केंद्रांतल्या नोकऱ्यासुद्धा कंत्राटी आहेत. हे मुलीला आधीच सांगावं, ध्येयवादाच्या गुळात घोळवू नये.

डिग्रीचं मात्र वेगळं आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ट्रस्टने समाजकार्याची शाळा काढली, ती नागपाड्यात. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट त्याआधीपासून तिथल्याच नेबरहूड हाउसमध्ये काम करत होते. म्हणजे वस्ती आधी, वर्ग मागून. हीच शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, देवनारला गेली. पण तो क्रम अधूनमधून दिसत राहिला. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला, १९९६ साली मुलांसाठी १०९८ हा फोन नंबर सुरू झाला. दोन्ही या संस्थेच्या क्षेत्रीय प्रकल्पांतून आले.

म्हणून मी अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात आधी फील्डवर्क बघते. साधारण आठवड्यातले दोन दिवस मुलं वस्तीत, शाळेत, कोर्टात नाहीतर दवाखान्यात जातात आणि केलेलं लिहून आणतात. आमच्या रुग्णालयात येणाऱ्या मुलांच्या वह्या गेली काही वर्षं मी वाचते. एकीने टीबीच्या एका पोराच्या आईबद्दल लिहिलं होतं, ‘आई निष्काळजी आहे, औषध न्यायला येत नाही.’ मी समासात एवढंच लिहिलं : ती कामाला किती वाजता जाते? पुढच्या आठवड्यात वहीत दीड पान आलं. बाई पहाटे मासळी उचलायला भाऊच्या धक्क्यावर, तिथून टोपली घेऊन दारोदार. आमची औषधाची खिडकी उघडायची ती नेमकी तिच्या विक्रीच्या वेळेला. गोळ्या शेजारणीने न्यायच्या, असं दोघींनी मिळून ठरवलं, डॉक्टरांनीही मान डोलावली. ‘निष्काळजी’ हा शब्द मुलीने स्वतःच खोडला होता.

कणव घरून घेऊन येणारी मुलं पुष्कळ असतात. ती हवीच. पण निव्वळ कणवेने त्या बाईला आणखी एक उपदेश मिळाला असता. दुसऱ्याच्या अडचणीवर आपला निकाल देण्याआधी थांबायचं, विचारायचं, मग गटाला आणि यंत्रणेला कामाला लावायचं, ही सवय लागायला वर्षं लागतात आणि कुणीतरी डोक्यावर बसून ती लावून घ्यावी लागते. मानधनावर येऊन व्याख्यान देऊन जाणाऱ्यांकडून ते होत नाही. आणि काही कॉलेजांत फील्डवर्क म्हणजे हजेरीपत्रकावरची संस्थाचालकाची सही, हेही मला ठाऊक आहे.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी बापलेकींनी कॉलेजात एक चक्कर मारावी. नॅकची श्रेणी, इमारत, वायफाय नंतर बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा : तुम्ही फील्डला कुठे जाता आणि तुमच्या वह्या कोण वाचतं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज शोधा.