संस्कृतीची ओळख आणि प्रश्नाचा अधिकार

आपल्या घरची रीतभात, सणवार आणि आठवणी परक्या मुलांना सांगण्यासाठी जी माणसे स्वेच्छेने वेळ देतात, त्यांचे काम वरकरणी साधे दिसत असले, तरी शिक्षणाच्या दृष्टीने त्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला असतो : संस्कृती सांगितल्याने कळते, की विचारल्याने? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 'ग्रॅनी क्लाउड' या नावाने ओळखल्या गेलेल्या उपक्रमाचे उदाहरण विशेष उपयोगी पडते, कारण त्याचा एक धागा महाराष्ट्रातील फलटणपर्यंत पोहोचलेला आहे.

शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीतील कालकाजी येथे वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला आणि शिक्षकाविना मुले त्यावर काय शिकतात याचे निरीक्षण केले. पुढे तमिळनाडूतील कालिकुप्पम या गावी केलेल्या प्रयोगात त्यांना असे आढळले की, विषयाचे ज्ञान नसलेले, पण मुलांच्या पाठीशी उभे राहून 'हे तुला कसे जमले?' असे कौतुकाने विचारणारे मोठे माणूस जवळ असेल, तर मुलांच्या शिकण्याला वेग येतो. नातवंडांचे कौतुक करणाऱ्या आजीची ही रीत म्हणून तिला त्यांनी आजीची पद्धत म्हटले, आणि २००९ साली ब्रिटनमधील लोकांना आवाहन केले की, आठवड्यातला एक तास त्यांनी भारतातील मुलांशी संगणकाच्या पडद्यावरून बोलण्यासाठी विनामूल्य द्यावा. त्याला प्रतिसाद देणाऱ्यांत निवृत्त शिक्षिका होत्या, तसेच तरुण आणि पुरुषही होते. तरीही 'ग्रॅनी', म्हणजे आजी, हे नाव कायम राहिले. २०१३ साली मित्रा यांना 'टेड' या संस्थेचा दहा लाख डॉलरांचा पुरस्कार मिळाला आणि त्यातून ज्या प्रयोगशाळा, म्हणजे संगणक व संभाषणाची सोय असलेल्या खोल्या, उभ्या राहिल्या, त्यांपैकी एक फलटणला होती.

या स्वयंसेवकांचे काम अध्यापनापेक्षा वेगळे आहे. शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो आणि त्याच्या बोलण्यामागे परीक्षेची सत्ता असते. स्वयंसेवकाकडे यांपैकी काहीच नसते. गोष्ट वाचून दाखवणे, कोडे घालणे, कागदाची वस्तू करून दाखवणे, आपल्या अंगणातले झाड किंवा ओट्यावरचा पदार्थ पडद्यासमोर धरणे, एवढीच त्याची सामग्री असते. म्हणूनच त्याने स्वतःला देशाचा प्रतिनिधी समजू नये. 'इंग्लंडमध्ये असे करतात' या विधानात एका विस्तीर्ण आणि विसंवादी समाजाला एकाच साच्यात बसवण्याचा धोका असतो, तर 'आमच्या घरी असे करतात, शेजारी मात्र तसे करत नाहीत' हे विधान लहान असूनही अधिक खरे असते, आणि ऐकणाऱ्या मुलाला पुढे विचारण्यासाठी जागा मोकळी ठेवते.

ही जागा किती महत्त्वाची आहे, हे एखाद्या सणाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ब्रिटनमध्ये ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटवतात, फटाके उडवतात आणि गाय फॉक्स नावाच्या माणसाचा पुतळा जाळतात. होळी आणि रावणदहन पाहिलेल्या मराठी मुलाला हे वर्णन लगेच ओळखीचे वाटेल, आणि संभाषण तेवढ्यावर थांबले तर दोन्ही बाजूंना साम्याचे समाधान मिळेल. परंतु 'त्याने केले तरी काय होते?' असे मुलाने विचारले, तर स्वयंसेवकाला सांगावे लागेल की, १६०५ साली राजासह पार्लमेंट सुरुंगाच्या दारूने उडवण्याचा कट उघडकीस आला, फॉक्स त्या कटात होता, कट करणारे कॅथलिक होते, आणि या सणाला दीर्घकाळ कॅथलिकांविषयीच्या द्वेषाची किनार होती. सणाची खरी ओळख इथून सुरू होते. कारण संस्कृती म्हणजे तिच्यातील आनंद जितका, तितकाच त्या आनंदाच्या तळाशी असलेला आणि कालांतराने विसरला गेलेला संघर्षही होय.

या उपक्रमावर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र गंभीर आहे. इंग्रजी बोलणारी ब्रिटिश माणसे सांगणार आणि भारतातील गरीब मुले ऐकणार, या रचनेत वसाहतकाळातील नात्याची पुनरावृत्ती होण्याची शक्यता नाकारता येत नाही. या आक्षेपाचे उत्तर यंत्रणेत शोधण्यापेक्षा मुलाच्या पायाखालच्या जमिनीत शोधावे लागते, आणि त्यासाठी फलटणचाच अनुभव मार्गदर्शक ठरतो. अमेरिकेत जन्मलेल्या आणि १९७८ साली भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली तेथे प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची ठेवली. मुलाने आपल्या भाषेत वाचावे, लिहावे आणि विचार करावा, हा या कार्याचा पाया होता. स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारण्याची सवय लागलेले मूल परक्या भाषेत अडखळत बोलले, तरी बरोबरीच्या नात्याने बोलते. ती सवय नसलेले मूल अस्खलित इंग्रजी बोलूनही केवळ श्रोता राहते.

प्रश्न विचारण्याची सवय लागलेल्या मुलाकडे सांगण्यासारखेही पुष्कळ असते. आळंदीहून पंढरपूरच्या वारीला निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण करून, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावून गेल्यानंतर, पुढे फलटणला मुक्काम करते, हे तेथील मुलाने दरवर्षी पाहिलेले असते. परदेशातल्या आजीने 'इतके लोक चालत का जातात?' असे विचारले, तर आजवर गृहीत धरलेल्या गोष्टीचे कारण त्याला प्रथमच शोधावे लागते. 'ते ज्या मंदिराकडे जातात, तिथे सर्वांना प्रवेश आहे का?' या पुढच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देताना मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखामेळ्याची समाधी त्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर का आहे, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण का करावे लागले, हेही सांगावे लागते. हे सांगितल्याने वारीचे मोल कमी होत नाही. उलट समतेचा उच्चार करणाऱ्या परंपरेला आपल्याच अपुरेपणाशी झगडावे लागले, ही तिची अधिक पूर्ण ओळख ठरते.

याच कसोटीवर मराठी समाजाने स्वतःकडे पाहण्याची गरज आहे, कारण अशा संवादासाठी समुद्र ओलांडावा लागतो असे नाही. मेळघाटातील कोरकू बोलणारी किंवा सातपुड्यातील पावरी बोलणारी मुले आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत, येतात, तेव्हा प्रमाण मराठी आणि तिच्याबरोबरची संस्कृती त्यांच्यापुढे एकतर्फी ठेवली जाते. तेथे स्वेच्छेने जाणाऱ्या शहरी माणसाने आपले सण सांगावेत. परंतु पेरणीची गाणी, जंगलातल्या कंदांची ओळख आणि पूर्वजांच्या कथा जाणणाऱ्या वस्तीतील वृद्धांनाही वर्गात तितक्याच मानाने बसवले जावे, आणि शहरातील विद्यार्थ्यांनी त्यांना प्रश्न विचारावेत. संस्कृती वाटून घेण्याचे व्रत ज्याने घेतले आहे, त्याने ऐकणाऱ्याचा विचारण्याचा अधिकार आधी मान्य केला पाहिजे आणि वेळ आल्यावर स्वतः श्रोता झाले पाहिजे. एवढे घडले, तर आठवड्यातला एक तासही शिक्षणाच्या कामी लागतो.