बूड सपाटच असते

८ ऑगस्ट
एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचे ३१ फॉर्म गेले. वस्तुचित्राचा पहिला तास. टेबलावर फक्त पितळी तांब्या. सगळ्यांच्या चित्रांत तोंड लंबगोल, बूड मात्र पट्टीनं ओढल्यासारखं. विचारलं. आठवीतला म्हणे, "सर, तांब्याचं बूड तं सपाटच असते. नाहीतं लुढकंन ना." काय बोलणार!

११ ऑगस्ट
कागदाकडे न पाहता आपलाच डावा हात काढायचा. पाच मिनिटं. नुसती हसाहशी. एकीचा हात खेकड्यासारखा आला, पण अंगठ्याजवळची विळ्याची खूण नेमकी जागेवर. अशी रेघ मला जमत नाही. तिनं कागद चुरगळला. मी उचलून कपाटात ठेवला.

१३ ऑगस्ट
दिवसभर पाऊस. निम्मा वर्ग.

१९ ऑगस्ट
एक पालक दारात. "तांब्याच काढून राहिले पोट्टे. रंग कधी शिकवता मंग?" पुढच्या इंटरमीजिएट परीक्षेला ए ग्रेड म्हणजे दहावीत ७ गुण, हे त्यांना पाठ.
रात्री मलाही तोच घोर. उजेड डावीकडून, सावली उजवीकडे, असा साचा देऊन टाकावा काय? पास होतात पोरं. आणि स्मरणचित्राच्या पेपरात समोर काही नसतंच.

२२ ऑगस्ट
पोळा. सुटी.

२५ ऑगस्ट
तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी आणायला सांगितले होते. एक उलटा ठेवला, चाकं वर. बैल काढू नका म्हटलं, पायांमधल्या फटी काढा. बैल त्यांना पाठ आहे, फटी नाहीत. तिसऱ्या फटीला आठवीतला दचकला. "सर, बैल आला!"

१० सप्टेंबर
वर्ग कुंपणापलीकडच्या कपाशीपाशी. एकच फूल, मलईच्या रंगाचं. चित्र अर्धं राहिलं.

११ सप्टेंबर
तेच फूल गुलाबी. खेकड्याचा हात काढणारी चिडली. "घरी कपाशी आहे ना तुमच्या?" "आहे ना सर. रोज तं पाहतो."

२६ सप्टेंबर
पुन्हा तांब्या. बुडं वाकली. काहींची फारच, अंड्यासारखी. आठवीतला नाही. सोयाबीन सोंगायला गेला म्हणतात.

२९ सप्टेंबर
आला. बोटं चिरलेली. पंधरा मिनिटं कागद कोरा. मी दोनदा घड्याळ पाहिलं. मग उठला, टेबलाशी वाकून डोळा बुडाच्या रेषेत आणला, दुसरा मिटला.
"सर, इथून सपाट आहे. माह्या जागेवरून नाही."