टेबलाची चाकं

'टीम फोर्ट्रेस 2' हा गेम ऑक्टोबर 2007 मध्ये आला, तेव्हा मी इथेच इंदूरला बीईच्या पहिल्या वर्षाला होतो. गेमच्या जगात एवढी वर्षं म्हणजे पणजोबाचं वय. तरी आमच्या ग्रुपमधले पाच जण शनिवारी रात्री जेवणं उरकली की अजून त्यातच भेटतात. एक पुण्यात, एक हैदराबादला, एक टोरांटोत (त्याची तेव्हा दुपार व्हायची असते) आणि आम्ही दोघं इंदुरात. बायको म्हणते, "तुम्ही खेळता कमी आणि गप्पाच जास्त मारता." खरं आहे तिचं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाल आणि निळा असे दोन संघ, नऊ प्रकारची पात्रं. मी नेहमी मेडिक होतो. हेवी नावाच्या धिप्पाड गड्याच्या मागे मागे पळायचं आणि त्याला जिवंत ठेवायचं, एवढंच काम. जून 2011 मध्ये गेम फुकट झाला. कमाई सुरू राहिली ती टोप्यांवर! पात्रांना घालायच्या या टोप्यांतल्या कितीतरी खेळाडूंनीच बनवलेल्या असतात, विक्रीतला काही वाटा त्यांना मिळतो. नकाशेही खेळाडू बनवतात. गणपतीत मांडव घालायला दरवर्षी जी ठरलेली पोरं हजर असतात ना, तशीच ही मंडळी.

ऑक्टोबर 2017 नंतर मात्र मोठी भर पडायची थांबली. गेमच्या गोष्टीचं कॉमिक सहाव्या अंकावर अडकलं. मग 2020 च्या सुमाराला बॉट शिरले. बॉट म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमच खेळतो, त्याचा नेम चुकत नाही आणि वर तो शिवराळ मजकूर ओकत राहतो. एका सामन्यात असे चार-पाच आले की माणसांनी उठून जायचं. कंपनीने, म्हणजे व्हॉल्व्हने, यावर काय केलं? फुकट खेळणाऱ्या नव्या खात्यांचं बोलणं-लिहिणं बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! नव्या पोराला आपल्याच संघाला "मागे बघ" म्हणायची सोय राहिली नाही.

मे 2022 मध्ये खेळाडूंनी शांतपणे आणि एकाच वेळी आवाज उठवला. कंपनीने ऐकतोय, सुधारतोय अशा अर्थाचं उत्तर दिलं. थोडीफार डागडुजी झाली, पण बॉट होते तिथेच राहिले. जून 2024 मध्ये पुन्हा मोहीम निघाली. या खेपेला निवेदनावर तीन लाखांहून जास्त सह्या पडल्या. त्या महिन्याच्या अखेरीस खात्यांवर बंदीची मोठी लाट आली आणि सर्व्हर बरेच मोकळे झाले. म्हणजे हे करता येत होतं. चार वर्षं कोणी केलं नव्हतं, एवढंच.

का केलं नव्हतं? व्हॉल्व्हची कर्मचाऱ्यांसाठीची एक पुस्तिका 2012 मध्ये बाहेर आली. तिच्यात लिहिलंय की तुमच्या टेबलाला चाकं आहेत, ज्या कामात रस वाटेल तिकडे ते ढकलत न्या. वाचायला छान वाटतं. पण इतका जुना कोड आणि बॉटवाल्यांशी रोजची मारामारी, या कामाकडे आपण होऊन टेबल कोण ढकलणार? माझा अंदाज आहे की घोडं इथेच पेंड खात होतं.

हे मी खात्रीने बोलतो कारण त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी बसलोय. एका कंपनीत (नाव सोडा) आम्ही दोघंच एक जुनं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. बाकीची टीम नव्या कामाला गेलेली. पैसे येत होते म्हणून ते बंद होत नव्हतं, आणि येणारच आहेत म्हणून त्यावर कोणी खर्चही करत नव्हतं. सगळ्यात लांब, सगळ्यात तिखट पत्रं यायची ती दहा-दहा वर्षं वापरणाऱ्यांची. जे सोडून गेले त्यांनी एक ओळ लिहिली नाही. एक बाई दर तिमाहीला तीच अडचण पाठवायच्या. पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या, स्क्रीनची चित्रं जोडलेली, शेवटी "कळावे". आमच्या टेस्टरनेही कधी इतकं नीट लिहिलं नव्हतं. वरून मंजुरी यायची नाही आणि आम्ही त्यांना ठरलेलं छापील उत्तर पाठवायचो. त्यामुळे 2024 च्या त्या तीन लाख सह्या मला राग म्हणून दिसल्याच नाहीत. मला त्या बाईच दिसत होत्या.

लोक म्हणतात, एवढा त्रास आहे तर दुसरा गेम घ्या. घेतले की! चित्रं देखणी, सगळं चकाचक. पण आमच्यातल्या एकाची आई गेली, त्यानंतरच्या शनिवारी तो तासभर काही न बोलता याच नकाशावर फिरत होता आणि आम्ही चौघं त्याच्या मागे मागे. ते दुसरीकडे कुठे नेणार?

डिसेंबर 2024 मध्ये त्या कॉमिकचा सातवा अंक एकदाचा आला, जवळजवळ आठ वर्षांनी. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने गेमचा कोडच लोकांना खुला केला. पैसे न घेता हवी तशी आवृत्ती काढा म्हणे. हैदराबादवाल्याने तो लगेच उतरवून घेतला. सध्या पात्रांना मराठी नावं देणं चाललंय. हेवी पैलवान झाला, मेडिक वैद्यबुवा, आणि स्पाय अर्थातच बहिर्जी. गाडी अडलीय ती इंजिनिअरवर. 'अभियंता' म्हटलं की तो पीडब्ल्यूडीतला वाटतो, असं टोरांटोवाल्याचं म्हणणं आहे.