माळशेजच्या वाटेवर

आमच्या लेकीचे दुसरे बाळंतपण सासरीच, मुरबाडला झाले. बारशाचा सांगावा आला तेव्हा आषाढ लागलेला होता. ही गोष्ट २०२५ सालची. डिंकाचे लाडू, हळीव, नातीसाठी घरी शिवलेली कुंची आणि ओतूरच्या बाजारातून घेतलेले अंगडे-टोपडे, अशी पिशवी हिने दोन दिवस आधीच भरून ठेवली होती. पण निघायच्या आदल्या रात्री टीव्ही लावला आणि घरातली हवाच पालटली.

पडद्यावर लाल अक्षरे धावत होती. सांगणारा गृहस्थ असा ओरडत होता, की जणू त्याच्याच घरात पाणी शिरले आहे. 'पुणे जिल्ह्यावर अस्मानी संकट! पुढचे काही तास धोक्याचे!' मागे चित्र चालले होते ते कुठल्यातरी पुराचे. त्यात वाहून जाणारी पांढरी मोटार आम्ही आदल्या वर्षीही वाहून जाताना पाहिली होती.

"अहो, नका जाऊ उद्या. फोन करून सांगा, चार दिवसांनी येतो म्हणावं," ही म्हणाली.

"अगं, बारसं का आपल्यासाठी चार दिवस थांबणार आहे?"

"मग तुम्ही एकटेच जा. घाटात दरड पडली म्हणजे कळेल."

आमचा पुतण्या बारावीला आहे. त्याने मोबाइलवर हवामान खात्याचे पान उघडले आणि मोठ्याने वाचून दाखवले. त्यात अस्मानी संकट हा शब्द कुठेच नव्हता. पुणे जिल्ह्याच्या घाटभागाला नारिंगी इशारा होता, बाकीच्या जिल्ह्याला पिवळा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा, कृती करा. हिरवा असला म्हणजे काही इशारा नाही. एवढे साधे गणित आहे. पावसाचेही मोजमाप ठरलेले आहे. सकाळी साडेआठला मोजलेला २४ तासांचा पाऊस ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत असला तर मुसळधार, तेथून २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्याच्या वर गेला तर अत्यंत मुसळधार.

आता पुणे जिल्हा केवढा! आमच्या जुन्नरच्या पश्चिम अंगाला माणूस आठ-आठ दिवस सूर्य पाहत नाही आणि तिकडे इंदापूर-बारामतीचा शेतकरी त्याच दिवशी पेरणीसाठी ढगाकडे डोळे लावून बसतो. खाते घाटमाथ्याचे वेगळे सांगते आणि पठाराचे वेगळे. टीव्हीवर येईपर्यंत मात्र घाट आणि पठार एक होते आणि सगळ्या जिल्ह्यावर आभाळ फाटते.

पुण्यात शिवाजीनगरला घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आहे. तिला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ साली शिमल्याहून तेथे आली, म्हणून ते नाव. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली, नाव राहिले. तेथल्या लोकांचे अंदाज चुकत नाहीत असे नाही. आम्ही पाराखाली बसून त्यांना पुष्कळ हसलो आहोत. पण २०२५ च्या मे महिन्यात पाऊस लवकर येणार असे त्यांनी सांगितले आणि तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत हजर झाला. ज्यांनी ऐकले त्यांचा कांदा झाकला गेला. ज्यांनी 'हे रोजचेच आहे' म्हणून सोडून दिले त्यांचा शेतात भिजला.

मला राग येतो तो याच गोष्टीचा. रोज ओरडले की कान मेंगळतात. माळीण आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातले गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली उतरला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. आमच्याकडची मंडळी तेथे मदतीला गेली होती. ती आठवण असलेल्या मुलखात पावसाच्या इशाऱ्याचा तमाशा करावा, हे मनाला पटत नाही. असो.

शेवटी नारिंगी म्हणजे 'तयारीत राहा' एवढेच, घरात बसा असे नव्हे, यावर आमच्या हिचे समाधान झाले. सकाळच्या नगर-कल्याण गाडीने निघायचे ठरले. कागदावर आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसले आहे.

ओतूरला मांडवी नदी भरून चालली होती. पुलावरून कपर्दिकेश्वराला हात जोडले. श्रावणी सोमवारी येथे तांदळाच्या पिंडी करतात, तेव्हा पुन्हा यायचेच होते. डिंगोरे गेले, मढ गेले. तशी भाषा तीच, माणसे तीच, पण शेत पालटत जाते. ओतूरला कांदा, टोमॅटो, ऊस. मढच्या पुढे भाताची खाचरे लागतात. आवणीचे दिवस होते. डोक्यावर इरली आणि प्लॅस्टिकचे कागद घेतलेल्या बाया वाकून रोपे लावीत होत्या. बैलांऐवजी लहान यंत्राने चिखलणी चालली होती, पण चिखलाचा वास तोच. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी धुक्यात कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते ते कळत नव्हते. खुबी फाट्यावर दोन-चार पोरे पाठीवर पिशव्या बांधून उतरली. ती खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगडावर जाणारी. गड काही दिसत नव्हता. "असल्या दिवसांत कुठं जाता रे पोरांनो?" असे हिने विचारले, तेव्हा ती नुसती हसली.

मग घाट सुरू झाला. वाचकांपैकी ज्यांनी पावसाळ्यातला माळशेज पाहिला नसेल त्यांना काय सांगावे! कड्याच्या अंगाने रस्ता आणि वरून धारा. काही धारा बारीक, दोरीसारख्या. काही अशा की बसच्या टपावर ताशा वाजावा. वारा खालून वर येतो, त्यामुळे पडते पाणी मध्येच थबकते आणि उलटे उडते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धुके आले की बसच्या काचेपुढे पांढरे घोंगडे टाकल्यासारखे होते. गेले की खाली दरी हिरवीगार. हिने पिशवी पोटाशी धरली होती आणि तोंडाने नामस्मरण चालले होते.

पाऊस होता, पण आषाढात घाटात असतो तेवढाच. दरडीची जागा ठेकेदाराने जाळ्या लावून बांधली होती. भीती खरी वाटली ती दुसऱ्याच कारणाने.

एका वळणावर धबधब्यापाशी मोटारी अर्ध्या रस्त्यावर उभ्या केलेल्या. एकीचाही मागचा दिवा लागलेला नव्हता. रस्त्याच्या मधोमध गाणी लावून जाणते पुरुष नाचत होते. एकजण कठड्यावर उभा राहून मोबाइलने स्वतःचा फोटो काढीत होता आणि त्याच्या बायकोच्या कडेवर वर्षाचे मूल होते. 'येथे थांबू नये' अशी पाटी तिथेच होती. तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. भर पावसात!

आमचे चालकदादा पन्नाशीचे, शांत. त्यांनी गाडी अगदी हळू केली, पिवळे दिवे लावले, भोंगा वाजवला. तेवढ्यात मागून एक टेम्पोवाला, धुक्यात पुढचे काही दिसत नसताना, वळणावरच आम्हाला ओलांडून गेला. समोरून दुचाकी आली. दुचाकीवर तिघे, डोक्यावर टोप्यासुद्धा नाहीत, मग हेल्मेट कुठले! ती कशी वाचली ते देवाला ठाऊक. चालकदादा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "पावसाला काय भ्यायचं, आजोबा. पाऊस कुठून येणार ते दिसतं. हे कुठून येतील ते दिसत नाही."

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली, त्यांतली १५ हजारांवर महाराष्ट्रातली. माळीणसारखी शंभर गावे एका वर्षात एकट्या आपल्या राज्यात पुसली जावीत, असा हा आकडा आहे. पण त्यासाठी कुणी लाल अक्षरे धावडवीत नाही. रोज घडते ते बातमीत बसत नाही.

घाट उतरलो तशी हवा उबदार झाली. मोरोशी, टोकावडे, सरळगाव. सागाची झाडे, कौलारू घरे, आणि खाचरांतून आमच्यासारखीच लावणी. मुरबाडला पोहोचलो. बारसे थाटात झाले. नातीचे नाव तिच्या आत्याने कानात सांगितले. त्याबद्दल लिहीत बसलो तर हा मजकूर संपायचा नाही. व्याही फार अगत्यशील. हिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निघू दिले नाही, म्हणून परतीला रात्र झाली.

रात्रीच्या घाटात गाडीतले सगळे झोपले होते. मी जागा होतो. मढ ओलांडल्यावर गाडी एकदम गचकून थांबली. पुढे रस्त्यावर एक ट्रॉली उभी होती. दिवा नाही, लाल काच नाही. मागे कुणीतरी झाडाची फांदी अडकवलेली. चालकदादांना ती पाच-सात हातांवर आल्यावर दिसली. हिने झोपेतून दचकून माझा हात धरला. दोघेही काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हते.

ती फांदी मी ओळखत होतो. तसलीच एक मी स्वतः लावली होती.

२०२३ चा एप्रिल. आमचा कांदा काढणीला आला होता, पण पुरता नव्हे. निम्म्या माना पडल्या की कांदा उपटायचा, शेतातच पातीने झाकून तीन-चार दिवस सुकवायचा, मान चिमटीएवढी ठेवून कापायची, मग सावलीत राखायचा आणि तेव्हा कुठे बराखीत भरायचा, हे आमच्या वडिलांपासून चालत आलेले. त्या दुपारी टीव्हीवर गारपिटीचा हाहाकार सुरू झाला. 'काही तासांत सर्व काही उद्ध्वस्त!' २०१४ सालची फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्याने पाहिली आहे त्याचे पाय असल्या शब्दाने लटपटतात. खात्याने काय सांगितले आहे ते बघायची बुद्धी मला झाली नाही. गडी लावले, हिरव्या मानेचा कांदा पातीसकट उपटला, ट्रॉलीत कोंबला. दिवस मावळता मावळता रस्त्यावर आलो आणि ट्रॉलीचे डावे टायर बसले.

जॅक नव्हता. चाकाला दगड लावले, बाभळीची फांदी तोडून मागे अडकवली, ट्रॅक्टर सोडवला आणि घरी दुसऱ्या ट्रॉलीसाठी पळालो. मागच्या लाल काचा दोन हंगामांपूर्वीच फुटल्या होत्या. 'घेऊ की,' असे मी प्रत्येक बाजाराला म्हणत होतो. एक काच पन्नास-साठ रुपयांना येत असेल.

परत आलो तो गर्दी जमलेली. शेजारच्या गावचा एकवीस वर्षांचा मुलगा दुचाकीवरून येऊन मागून धडकला होता. कांद्याच्या पातीत त्याचे तोंड गेले म्हणून डोके वाचले, असे डॉक्टर म्हणाले. पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. १०८ ची गाडी आली. तिच्यात मी बसलो. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढली. बाहेर गारा पडतात का, ते ऐकत होतो. आमच्या गावात त्या रात्री चार थेंब पडले. रस्त्याची धूळसुद्धा बसली नाही.

पोलिसांत गुन्हा लागला, तो योग्यच होता. उपचाराचा खर्च आम्ही केला. तो कांदा आषाढापर्यंत बराखीतच सडला. जाड मानेचा कांदा टिकत नाही, हे मला शिकवायला कुणी लागत नव्हते. सडक्या कांद्याचा वास घरभर होता, पण त्याबद्दल घरात कुणी अक्षर काढले नाही. टीव्हीला शिव्या द्यायला मी तोंड उघडले की ही नुसती माझ्याकडे बघायची.

तो मुलगा आता बरा आहे. पायात सळई आहे. थंडीत ठणकते म्हणतो. आमच्याच फाट्यावर त्याने पंक्चरचे दुकान टाकले आहे. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. दुकान बंद करीत होता. हिच्या हातातली पिशवी घेतली, बॅटरी दाखवीत बांधापर्यंत आला.

"मामा, घाटात लई पाऊस होता म्हणं? टीव्हीवर दाखवत होते."

"होता, आषाढातला," मी म्हणालो. "मढच्या अलीकडं एक ट्रॉली उभी आहे बघ. अंधारात."

तो थांबला. मग उलट फिरला, दुकानातून लाल चकाकत्या पट्टीचे भेंडोळे आणि बॅटरी घेतली आणि दुचाकीला किक मारली. हेल्मेट घातले ते मी पाहिले. ही म्हणाली, "अरे, रात्रीचं कशाला," पण तो गेला होता.

घरी आलो. नात कशी आहे, कुणासारखी आहे, हे सांगून झाले. सकाळी टोमॅटो नारायणगावला न्यायचे होते, म्हणून ट्रॉली अंगणात काढून ठेवलेली होती. पट्ट्या आम्ही २०२३ सालीच लावल्या आहेत, पण पावसाळ्यात त्यांच्यावर चिखल बसतो आणि मग असून नसल्यासारख्या होतात. धोतराचा सोगा ओला करून पुसायला लागलो. पुतण्याने ओसरीवरून मोबाइलचा उजेड टाकला. डाव्या कोपऱ्यातली अजून दिसत नव्हती. ती पुन्हा पुसली.